गावातल्या गावात फिरणारा डेटा मीटरमध्ये का धरायचा?

तापीकाठ
नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यातून लिहितोय. विषय थोडा लांबेल, पण मनापासून विचारतोय.

गावाबाहेर आमचं केळीचं रायपनिंग चेंबर आहे, घरापासून दीड किलोमीटरवर. तिथे सहा कॅमेरे लावलेत. गेटवर, वजनकाट्यावर, कॅरेट भरतात तिथे, दोन चेंबरच्या दारांवर आणि जनरेटरपाशी. रेकॉर्डर मात्र घरी ठेवलाय, कारण आधी तो तिथेच होता आणि पहिल्याच पावसाळ्यात वीज पडून जळाला. म्हणजे सहाही कॅमेऱ्यांचं चित्र चोवीस तास चेंबरवरून घरी येतं. दोन्हीकडे एकाच कंपनीचं फायबर आहे, जोडून देणारा केबलवालाही एकच.

गेल्या महिन्याच्या २३ तारखेला संध्याकाळी घरचं नेट बसलं. मुलीचा क्लास चालू होता, मॅडमचं चित्र थिजलं. केबलवाल्याला फोन लावला तर म्हणाला, "काका, तुमचा एफयूपी, म्हणजे महिन्याचा डेटाचा कोटा, संपला." योजनेचं नाव अनलिमिटेड. आत बारीक अक्षरात ३३०० जीबी लिहिलेले, आणि ते संपले की २ एमबीपीएस. आमच्या घरात एवढं कोण बघतं, म्हणून कागद घेऊन बसलो. एक कॅमेरा २ एमबीपीएसवर ठेवलाय. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे एका कॅमेऱ्याचे २१.६ जीबी. सहांचे जवळपास १३० जीबी, रोज. त्यात घरच्यांचं १२-१५ जीबी. तेवीस दिवसांत हिशेब बरोबर बसला.

तीन दिवसांनी चेंबरचंही कनेक्शन बसलं. का? तर तेच चित्र तिथून निघताना अपलोड म्हणून मोजलं आणि घरी पोचताना डाउनलोड म्हणून मोजलं. एकच डेटा, दोनदा मीटर.

त्याच आठवड्यात रात्री दीड वाजता गाडी भरताना वजनावरून व्यापाऱ्याशी वाद झाला. सकाळी रेकॉर्डिंग काढलं तर चित्र तुटक. माणूस काट्यापाशी दिसतो, पुढच्या चित्रात गाडी निघून गेलेली. मधली अकरा मिनिटं नाहीतच. जे काही सोडावं लागलं ते सोडलं.

तर माझं म्हणणं असं. हा डेटा मुंबईला गेला नाही, अमेरिकेला गेला नाही, कोणत्या सिनेमाच्या सर्व्हरवरून आला नाही. आमच्या गावातून निघाला आणि आमच्याच गावात उतरला. मग कंपनीला त्याचा असा काय खर्च आला? गावातल्या गावात फिरणारा डेटा मोजूच नये, असा आग्रह आपण सगळ्यांनी धरायला नको का?

बोरी_अरुणावती
भाऊ, आपला गावना कॅमेरा आपलाच गावमा देखाले डेटा मुंबईले कसाले जास? पहिले हाई तपासा.

यावलची_लेक
आमच्याकडेही हेच, फक्त कारण वेगळं. मी घरून काम करते, भाऊ व्हिडिओ एडिट करतो. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घरात भांडण ठरलेलं. तुम्ही हिशेब मांडलात ते बरं झालं काका, आम्हाला कोणी हिशेब दाखवतच नाही. ॲपमध्ये नुसता आकडा येतो. तो कशाने वाढला ते कुठेच नाही.

भुसावळ_यार्ड
मला हे पटत नाही, आणि स्पष्टच सांगतो. ३३०० जीबी वापरणारं घर शंभरात एखादं असेल. माझ्या घरी चौघं मिळून ४०० च्या वर जात नाही. तुमचा डेटा मोजू नका म्हणजे त्याचा भार शेवटी आमच्या बिलावर येणार. चेंबर हा धंदा आहे, त्यासाठी धंद्याची लाईन घ्यावी. घरगुती दरात धंदा चालवायचा आणि वर मीटर काढा म्हणायचं, हे बरोबर नाही.

तापीकाठ
भुसावळकर दादा, भार येत असेल तर मी देईन. माझा प्रश्न तोच आहे, भार येतो का? आणि आला तर किती? हे कोणी जाणकाराने सांगावं.

चोपडा_ओएलटी
मी सांगतो. बारा वर्षं केबलच्या धंद्यात आहे, सहा वर्षं नेट देतोय. ग्राहकांच्या शिव्या मीच खातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट. आम्ही वरून जी लाईन घेतो ती जीबीवर घेत नाही, रुंदीवर घेतो. म्हणजे इतके एमबीपीएस, महिन्याला इतके पैसे. ती लाईन रात्री ८ ते ११ तुडुंब भरते. त्या तीन तासांत गाव खूश राहील एवढी रुंदी घ्यावी लागते, आणि आमचा सगळा पैसा तिथे जातो. पहाटे तीनला तीच लाईन जवळजवळ रिकामी असते आणि भाडं मात्र तेच. त्यामुळे कोणी पहाटे ५०० जीबी ओढले तरी आमच्या खिशातून एक रुपया जादा जात नाही. रात्री नऊला ओढले तर जातो. जीबीचा आकडा आमचा खर्च दाखवतच नाही. तो ठेवलाय कारण मोजायला सोपा आहे आणि ग्राहकाला समजतो.

दुसरी गोष्ट, मोजतात कुठे. तुमचा राउटर सुरू झाला की पीपीपीओईने, म्हणजे तुमच्या नावाने आणि पासवर्डने, लॉगिन करतो. ते लॉगिन गावातल्या ओएलटीवर, म्हणजे घराघरांची फायबर जिथे एकत्र येते त्या पेटीवर, होत नाही, कंपनीच्या बीएनजी नावाच्या मोठ्या राउटरवर होतं. काहींचा तो जळगावला असतो, काहींचा नाशिकला, मुंबईला. आत-बाहेर गेलेला प्रत्येक बाइट तिथे मोजला जातो आणि त्याचा आकडा कंपनीचा हिशेब ठेवणाऱ्या रेडियस सर्व्हरला जातो. हा बाइट शेजारच्या गल्लीतला की सिंगापूरचा, हे त्या मोजणीत कळत नाही. वेगळं मोजता येतं, पण त्यासाठी वेगळी मांडणी करावी लागते. ती फुकट होत नाही आणि बहुतेक कंपन्या करत नाहीत.

म्हणून वर ज्यांनी अहिराणीत विचारलं त्यांचा प्रश्न लाखमोलाचा आहे. काका, तुमची दोन्ही कनेक्शनं एकाच ओएलटीवर असली तरी तुमचं चित्र आधी बीएनजीपर्यंत जातं आणि तिथून उलटं फिरून घरी येतं. चेंबरवरून घराचा पिंग घेऊन बघा, म्हणजे डेटाला जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते कळेल. २-३ मिलिसेकंद आला तर डेटा जवळपासच वळतोय. २० च्या आसपास आला तर तो लांब फिरून येतोय, आणि तो रस्ता भाड्याचा आहे. तुम्हाला जे 'गावातल्या गावात' वाटतंय ते तारेच्या हिशेबाने गावातलं नाहीये.

तिसरी गोष्ट, गावातली तारसुद्धा अमर्याद नसते. जीपॉनच्या, म्हणजे एकच फायबर अनेक घरांत वाटायच्या पद्धतीच्या, एका पोर्टवर खाली येणारे अडीच जीबीपीएस आणि वर जाणारे सव्वा. ते ३२ किंवा ६४ घरांत वाटलेले. ६४ घरांनी प्रत्येकी तुमच्यासारखे १२ एमबीपीएस कॅमेरे चढवले तर ७६८ एमबीपीएस होतात. मावतं. पण दहा घरांनी एकदम १०० च्या स्पीडने काही चढवायला घेतलं तर बाकी ५४ घरांना उरतं किती ते तुम्हीच बघा. मोजू नका म्हणणं ठीक, पण वाटायचं कसं तेही सांगा.

मास्तरीणबाई_अमळनेर
ओएलटीवाले दादा, इतकं सोपं करून सांगितल्याबद्दल आभार. मला मात्र वेगळ्या मुलांबद्दल बोलायचंय. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त घरांत फायबर नाही. आईचा किंवा मोठ्या भावाचा मोबाइल, त्यावर दिवसाला दीड जीबी. संध्याकाळी मुलाच्या हातात फोन येतो तेव्हा त्यातलं शंभर-दोनशे एमबी शिल्लक असतं. ते संपलं की स्पीड ६४ केबीपीएस.

६४ केबीपीएस म्हणजे काय ते मी मुलांना फळ्यावर गणित म्हणून घातलं होतं. १ एमबी उतरायला १२५ सेकंद. मी गणिताचा धडा मोबाइलवर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकते, तो असतो ४० एमबीचा. म्हणजे ५००० सेकंद, १ तास २३ मिनिटं. एका मुलीने उत्तर काढून वर लिहिलं होतं, 'तोवर भाऊ फोन परत घेतो.' ती वही मी जपून ठेवली आहे.

तो धडा मी अमळनेरात बसून पाठवते आणि मुलं अमळनेरातच बघतात. शाळेच्या खोलीत एक साधा कॉम्प्युटर सर्व्हर म्हणून ठेवला, आवारात वायफाय दिलं, तर मुलं जाता जाता धडे उतरवून घेतील आणि कोणाचाही डेटा खर्च होणार नाही. आम्ही तसा प्रयत्न सुरू केलाय. पण घरी गेल्यावर काय? शाळेच्या सर्व्हरवरचं घरच्या मोबाइलवर फुकट मिळावं, असं मागता येईल का?

कायद्याचं_बोला
धुळ्यात वकिली करतो. बाईंचा प्रश्न आणि काकांची मागणी, दोन्ही एकाच नियमाशी जाऊन धडकतात. तो आधी समजून घेऊ.

८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, डेटाच्या दरात भेदभाव करायला मनाई करणारे नियम काढले. एका मोठ्या परदेशी कंपनीची, ठरावीक साइट फुकट देणारी 'फ्री बेसिक्स' योजना त्यामुळेच बंद पडली. मजकूर पाहून दर वेगळा लावायचा नाही, हे सूत्र. आणि 'मजकूर' या शब्दाच्या व्याख्येत डेटा कोणत्या टोकाला जातोय ही माहितीसुद्धा धरलेली आहे. म्हणजे 'जळगाव जिल्ह्यातले सर्व्हर फुकट, बाहेरचे मोजून' अशी योजना इंटरनेटवर चालवली तर ती नियमात बसवणं फार अवघड. मोडल्यास दिवसाला ५०,००० रुपये दंड, जास्तीत जास्त ५० लाख.

एक वाट मात्र मोकळी ठेवली आहे. जे जाळं बंदिस्त आहे, ज्यातला डेटा इंटरनेटवरून येत नाही आणि इंटरनेटवर जात नाही, त्याला हा नियम लागू नाही. कंपनीने काकांचं चेंबर आणि घर आपल्याच तारांवर, इंटरनेटला न जोडता थेट जोडून दिलं, तर ते या सवलतीत येतं असं माझं मत आहे. नियम चुकवण्यासाठी कोणी बंदिस्तपणाचं सोंग आणलं तर मात्र सवलत नाही. बाईंची शाळेच्या आवारातली सोय तर सरळच बसते. घरच्या मोबाइलवर फुकट, हे बसत नाही.

आणखी एक. एफयूपी संपल्यावर स्पीड किती राहील आणि मर्यादा किती आहे, हे कंपनीने ठळकपणे सांगायचं असतं. २०१६ मध्ये ट्रायने फिक्स्ड लाईनसाठी ५१२ केबीपीएसच्या खाली जायचं नाही असं सांगितलं होतं. २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्याच किमान २ एमबीपीएस झाली.

भुसावळ_यार्ड
वकीलसाहेबांनी माझ्या मनातली भीती बरोबर पकडली. लोकल फुकट झालं की काय होईल सांगतो. मोठ्या व्हिडिओ कंपन्यांचे कॅशे सर्व्हर, म्हणजे व्हिडिओच्या प्रती जवळ साठवणारे सर्व्हर, आजच मोठ्या नेट कंपन्यांच्या आत बसलेत. ते 'लोकल' ठरतील, म्हणून फुकट. आणि आपल्याकडचा एखादा पोरगा अहिराणी गाण्यांची स्वतःची साइट काढेल, त्याचा स्वस्तातला सर्व्हर असेल कुठेतरी परदेशात, तो मीटरवर. गावातला माणूस परदेशी ठरेल आणि परदेशी कंपनी गावातली. हे चालेल का आपल्याला?

तापीकाठ
नाही चालणार. हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता, दादा. मागणी बदलावी लागेल हे मान्य करतो.

तरी दूरचं महाग आणि जवळचं स्वस्त ही कल्पना हवेतली नाही. आइसलंडात कित्येक वर्षं फक्त परदेशातून येणारा डेटा मोजत होते, देशातला नाही, कारण समुद्राखालची केबल महाग. दक्षिण आफ्रिकेत देशापुरतंच चालणारं कनेक्शन वेगळं आणि स्वस्त मिळायचं. ऑस्ट्रेलियात काही कंपन्या स्वतःच्या सर्व्हरवरचं मोजत नसत. आपल्या देशानेही हा विचार केलेलाच आहे. २००३ मध्ये निक्सी, म्हणजे नेट कंपन्यांचा डेटा एकमेकांना देण्याची देशातली सामायिक जागा, काढली ती कशासाठी? दोन भारतीय कंपन्यांमधला डेटासुद्धा कितीदा परदेशाचा फेरा घेऊन यायचा, तो देशातच वळावा म्हणून. नोएडा, मुंबई, चेन्नई, कोलकाता इथून सुरुवात झाली. देशासाठी जे तेव्हा पटलं ते जिल्ह्यासाठी आज का पटू नये? माझ्या शेजाऱ्याकडे दुसऱ्या कंपनीचं नेट आहे. त्याच्या घरी मी फोटो पाठवला तर दोन कंपन्यांची गाठ पडेपर्यंत तो कुठवर जाऊन येत असेल?

अक्राणीचा_पायथा
धडगावकडून वाचतोय. तुमची चर्चा चांगली आहे, पण इकडे कॅप लागायला आधी रेंज यावी लागते. पाड्यावरून टेकडीवर चढून दोन दांड्या मिळतात. ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेट या सरकारी योजनेची फायबर टाकलीय, ती पंचायतीच्या कपाटातल्या डब्यापर्यंत. डबा चालू असेल त्या दिवशी तिथे बसून लोक सातबारा काढतात, पोरं फॉर्म भरतात. तुम्ही पत्र लिहिणार असाल तर हेही लिहा की पंचायतीपर्यंत आलेली तार पाड्यापर्यंत न्या. गावातल्या गावात फुकट द्यायचंच असेल तर सुरुवात तिथून करा. शाळा, दवाखाना आणि पंचायत एका तारेवर जोडा.

पांझराकाठ
साक्रीकडचा आहे. वडील आणि आजोबा फडाच्या पाण्यावर शेती करायचे. चर्चा वाचताना सारखं तेच डोळ्यांपुढे येतंय, म्हणून लिहितो.

आपल्याकडे पांझरेवर, आणि तिकडे मोसम-आरमच्या खोऱ्यात, तीनशेहून जास्त वर्षं फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, तिथून पाट, पाटाखाली फड. एका फडात एकच पीक. फडातल्या जमिनी अशा वाटलेल्या की प्रत्येक घराचा तुकडा साधारण प्रत्येक फडात असायचा. पाण्याला मीटर नव्हता. गावाने नेमलेला पाटकरी पाणी फिरवायचा, जागल्या पाटावर नजर ठेवायचा, वर पंच. पाणी भरपूर असलं की सगळे फड भिजायचे. बंधारा आटला की एखादा फड कोरडा ठेवायचा असं पंच ठरवायचे. मग नुकसान एकाच घराचं होत नसे, थोडं थोडं सगळ्यांचं व्हायचं.

आता नेटकडे बघा. तापीकाठ भाऊंचा कोटा २३ तारखेला संपला. त्यानंतर पहाटे तीन वाजता, लाईन रिकामी असतानाही, त्यांना २ एमबीपीएसच. पाट भरून वाहतोय आणि एकट्याचं शेत कोरडं. कारण काय, तर महिन्याच्या सुरुवातीला त्यांनी जास्त पाणी घेतलं होतं! आमच्या पाटकऱ्याने असं वाटप केलं असतं तर पंचांनी त्याला दुसऱ्या दिवशी काढला असता. वाहून जाणारं पाणी अडवून उपयोग नाही. अडचण फक्त टंचाईच्या वेळेला असते, तेव्हा सगळ्यांना सारखं कमी करा. रात्री ९ वाजता लाईन भरली तर जो सगळ्यात जास्त ओढतोय त्याचा स्पीड तेवढ्यापुरता उतरवा. अकराला मोकळी झाली की सोडा. लोकल कोणतं, परदेशी कोणतं हे ठरवायची वेळच येत नाही, आणि भुसावळकरांच्या अहिराणी साइटवाल्यावरही अन्याय होत नाही.

चोपडा_ओएलटी
पांझराकाठ, हे तांत्रिकदृष्ट्या होतं. गर्दीच्या वेळी सगळ्यांना सारखा वाटा देणारी रांग लावण्याची सोय राउटरमध्ये असते. माझ्या राउटरमध्येही आहे, मी लावली नाही इतकंच. वरच्या कंपनीचं मीटर माझ्या हातात नाही, पण माझ्या गावातली गर्दी माझ्या हातात आहे. या आठवड्यात एका ओएलटीवर लावून बघतो.

आणि जुन्या ग्राहकांना आठवत असेल, ब्रॉडबँड नवीन आलं तेव्हा रात्री दोन ते सकाळी आठ मोफत अशा योजना असायच्या. लोक गजर लावून उठायचे. शेतीची रात्रीची लाईट आली की मोटार सुरू करायला उठतात, तसंच. आता उठायचीही गरज नाही, कॅमेऱ्याचं बॅकअप वेळ लावून ठेवता येतं.

कायद्याचं_बोला
वेळेप्रमाणे दर वेगळा ठेवायला २०१६ च्या नियमाची आडकाठी नाही, कारण त्यात मजकूर बघितला जात नाही. रात्रीची सवलत सगळ्यांना सारखीच.

तापीकाठ
दहा दिवसांनी लिहितोय, कारण करून बघितल्याशिवाय बोलायचं नव्हतं.

चेंबरवरून घराचा पिंग घेतला. २२ मिलिसेकंद. ट्रेसरूट, म्हणजे डेटा कुठून कुठून जातो त्याची यादी, काढला तर तिसऱ्याच टप्प्यावर मुंबईतला राउटर. म्हणजे वजनकाट्यावरचं चित्र दीड किलोमीटर जायला मुंबई बघून येत होतं. इतके दिवस मी ते गावातलं समजत होतो. केबलवाल्याला कागद दाखवला. तोही चकित झाला. त्याने कंपनीच्या माणसाशी बोलून दोन्ही जागा ओएलटीवरच एका वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच तारेवरच्या स्वतंत्र बंदिस्त जाळ्यात, जोडल्या. त्या जोडावर इंटरनेट नाही, पीपीपीओई नाही, फक्त चेंबर ते घर. महिन्याला ठरावीक रक्कम घेतो आणि मी ती खुशीने देतो. भुसावळकर दादा, भार माझा मी उचलतोय. पिंग आता २ मिलिसेकंद आहे. घरच्या मीटरवर काल दिवसभरात १४ जीबी पडले. रेकॉर्डिंगमध्ये कॅरेटवरचा खडूचा नंबर वाचता येतो.

माझं भागलं, पण यावलच्या ताईंचं आणि बाईंच्या मुलांचं भागलेलं नाही. म्हणून पत्र लिहायला घेतलंय, आपल्या नेट कंपन्यांना आणि एक प्रत ट्रायला. 'लोकल फुकट' हे शब्द काढून टाकले. सगळ्यात वर घेतलंय की रात्री बारा ते सकाळी सहाचा डेटा कोट्यात धरू नये. मग पांझराकाठचा मुद्दा, कोटा संपला तरी लाईन मोकळी असेल तेव्हा स्पीड अडवू नये. बंदिस्त जोडाची सोय दरपत्रकात उघड लिहावी, माझ्यासारखं कागद घेऊन मागायला लागू नये. जिल्ह्यात दोन कंपन्यांची गाठ जळगावलाच पडावी. आणि अक्राणीकरांचं पंचायत-शाळा-दवाखाना शब्दशः घेतलंय. वकीलदादा, मसुदा उद्या इथेच टाकतो, नियमाचा भाग तुम्ही नीट करून द्या.

मास्तरीणबाई_अमळनेर
काका, मुलीच्या वहीतलं ते पान पत्राला जोडायचं का? तिच्या आईला विचारलंय, त्या हो म्हणाल्या. नाव झाकून फोटो काढते.

चोपडा_ओएलटी
रांग लावली, पाच दिवस झाले. रात्री नऊला येणारे फोन कमी झालेत. माझी ३४० कनेक्शनं आहेत, पत्रावर माझीही सही घ्या.